भाकरीची निवड कोण करते?

बाजारात जे खपते तेच शेतात पिकते, हे आपण सारे ऐकत आलो आहोत. हल्ली त्याला जोडून आणखी एक गोष्ट सांगितली जाते. ग्राहकाने शहाणपणाने खरेदी केली, तर शेती टिकेल, जमीन टिकेल, पाणी टिकेल. सभांतून हे सांगणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. परंतु ऐकणाऱ्यांत आमच्यासारखी माणसेही बसलेली असतात. महिन्याच्या पंचवीस तारखेला पिशवीत काय आणायचे हे त्यांची आवड ठरवीत नाही, खिसा ठरवितो. म्हणून या प्रश्नाचा विचार आपल्या घरच्या तव्यापासून करावा, असे आम्हास वाटते.

आम्ही सोलापुरात कारकुनी करतो. आठवडाभर कचेरीच्या जमा-खर्चाची पाने, आणि रविवारी वस्तीतल्या महिला बचत गटाची वही. बी.कॉम.च्या वर्गात अर्थशास्त्राच्या अगदी पहिल्या धड्यात शिकलो होतो, की नुसती इच्छा म्हणजे मागणी नव्हे. इच्छेच्या पाठीशी पैसे असतील, तरच बाजार तिला मागणी म्हणतो. परीक्षेपुरते पाठ केलेले हे वाक्य आम्हाला पुढे ज्वारीच्या पोत्यापाशी खऱ्या अर्थाने समजले. त्याचीच ही हकिगत.

आमचा जिल्हा ज्वारीचा. मंगळवेढा, मोहोळ, बार्शी या भागातली खोल काळी जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन घेते आणि हिवाळाभर ते ओल धरून ठेवते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली रब्बीची ज्वारी त्या ओलीवरच वाढते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते. धरणाचे पाणी नाही, विहिरीची मोटार नाही, खताचा फारसा खर्च नाही. माणसाला दाणा मिळतो, गुराला कडबा मिळतो, गुराचे शेण पुन्हा शेतात जाते. मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३०च्या दशकात निवडलेला मालदांडी ३५-१ हा वाण अजूनही शेतकरी पेरतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. टिकाऊ शेती म्हणजे काय, हे आमच्याकडे कोणी पुस्तकातून शिकविण्याची गरज नव्हती. ती बांधावर उभी होती.

मग ती मागे का पडली? लोकांची चव बदलली, असे सोपे उत्तर दिले जाते. आम्हाला ते पटत नाही.

पहिले कारण दुकानातले आहे. १९६४ साली संकरित ज्वारीचा पहिला वाण, सीएसएच-१, आला. उतारा वाढला, पण खरिपातली ही ज्वारी दाणे भरण्याच्या वेळी पावसात सापडली की काळी पडते, बुरशी धरते. भाकरीलाही तिला मालदांडीची गोडी नाही. ‘हायब्रीड’ हा शब्द आपल्याकडे नेभळट माणसाला चिडविण्यासाठी वापरला जाऊ लागला, तो उगीच नव्हे. पुढे १९७२चा दुष्काळ पडला. परदेशातून आलेली लाल मिलो रेशनवर मिळाली. खडी फोडून आल्यावर ती मिलो खाल्लेली आमच्या आईवडिलांची पिढी तिचे नाव काढले की आजही तोंड फिरविते. त्यानंतर रेशनच्या दुकानात वर्षानुवर्षे आला तो मुख्यतः गहू आणि तांदूळ. जे धान्य स्वस्तात हातात पडते, त्याचीच जिभेला सवय होते. गरिबाची आवड अशी सरकारी गोदामात तयार झाली.

दुसरे कारण मजुरीतले आहे. ज्वारीच्या काढणी-मोडणीला गेलेल्या मजुरांना पूर्वी पुष्कळ गावांत पेंढ्यांच्या, कणसांच्या रूपाने मजुरी मिळे. ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, त्यांच्याही घरात काही महिन्यांची ज्वारी साठत असे. त्या मजुरीत अन्याय होता, मापात मारामारी होती, हे आपल्या समाजाला कोणी सांगायला नको. पण शेतात ऊस किंवा सोयाबीन आल्यावर दाणा घरी येण्याची ती वाट बंद झाली. सोयाबीनची पेंढी घरी नेऊन मजुराच्या बायकोने काय शिजवावे? मजुरी रोख झाली, हे चांगलेच झाले. मात्र त्या रोख पैशात दुकानातली ज्वारी किती येते, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

तिसरे कारण मानाचे आहे आणि ते आपल्या लोकांना अधिक जवळचे आहे. आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला भाकरी आली ती पुष्कळदा शिळी, दारात उभे राहून पदरात घेतलेली. गव्हाची पोळी सणावाराची, वाड्यातली, दुसऱ्याच्या ताटातली. नोकरी लागली, पगार हातात आला, तेव्हा आपल्या आयांनी आधी गहू दळून आणला. मुलाच्या डब्यात पांढरी मऊ चपाती असावी, ती उघडताना त्याची मान खाली जाऊ नये, ही त्यामागची भावना होती. त्या गव्हाला नुसती ‘ग्राहकाची पसंती’ म्हणणे म्हणजे एका पिढीच्या स्वाभिमानाकडे पाठ फिरविणे आहे. आज कोणी व्यासपीठावरून “तुम्ही भाकरी सोडलीत म्हणून पर्यावरण बिघडले” असे सुचवू लागले, तर त्याला आपण नम्रपणे हा इतिहास ऐकवावा.

चौथे कारण अगदी स्वयंपाकघरातले. ज्वारीचे पीठ फार दिवस ठेवले की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात. म्हणजे थोडे थोडे दळून आणा, रोज ताजे थापा, गरम गरम वाढा. सकाळी सहाला नळाचे पाणी भरून आठला कामावर निघणाऱ्या बाईला हे कसे जमावे? सकाळच्या चपात्या दुपारी डब्यात मऊ राहतात; भाकरी वाळते. भाकरीचे गुणगान करणारे पुष्कळसे पुरुष असतात आणि त्यांनी आयुष्यात एकही भाकरी थापलेली नसते, हेही येथे नोंदवून ठेवले पाहिजे.

दरम्यान काळ फिरला. २०१८ साली केंद्र सरकारने ज्वारी-बाजरीसारख्या धान्यांना ‘पौष्टिक तृणधान्ये’ म्हणून अधिसूचित केले. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय तृणधान्य वर्ष म्हणून जाहीर केले. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात या धान्यांना ‘श्रीअन्न’ म्हटले गेले. ज्याला कालपर्यंत सरकारी कागदावर ‘भरड’ म्हणत, त्याला एकदम ‘श्री’ लागले. डॉक्टरांनी मधुमेहाच्या रुग्णांना भाकरी सांगितली, हॉटेलांत पिठले-भाकरीची ताटे लागली, ज्वारीची बिस्किटे चकचकीत पुड्यांतून आली. आनंद आहे. पण आमच्या पेठेत किरकोळ दुकानात चांगली मालदांडी गव्हापेक्षा बरीच महाग झाली. ज्यांनी ती गरिबी म्हणून खाल्ली, त्यांना ती आता परवडत नाही. ज्यांनी ती कधी खाल्ली नव्हती, त्यांची ती आवड झाली. बाजाराने त्यांचा आवाज ऐकला, कारण त्यांच्या आवाजात नाण्यांचा खणखणाट होता.

आमच्या गटातल्या भगिनींशी याविषयी बोलणे निघाले ते २०२२च्या सुरुवातीला. वीस घरे आहेत. कोणी धुणीभांडी करते, कोणी विडी वळते, कोणी अंगणवाडीत मदतनीस आहे. “ज्वारी आवडते का?” असे विचारल्यावर एकीनेही नाही म्हटले नाही. “मग आणत का नाही?” यावर मात्र वीस घरांची वीस उत्तरे. तेव्हा ठरले, की सुगीत थेट शेतकऱ्याकडून वर्षभराची ज्वारी एकत्र घ्यायची. गटातल्या एका भगिनीचे माहेर मंगळवेढा तालुक्यात. तिथल्या एका कोरडवाहू शेतकऱ्याशी, त्यांना सारे तात्या म्हणतात, बोलणी झाली.

वही आमच्याकडे असल्याने आकडे देतो. दर घरी ५० किलो, एकूण १० क्विंटल. क्विंटलला ३,००० रुपयांप्रमाणे ३०,००० रुपये. टेम्पोचे भाडे १,८०० आणि पोती-हमाली ७०० धरून खर्च ३२,५०० रुपये. म्हणजे घरपोच किलोला साडेबत्तीस रुपये. त्याच आठवड्यात पेठेत त्याच तोडीची ज्वारी ४२ रुपयांना होती. दर घराचे ४७५ रुपये वाचले. तात्यांनाही अडत न जाता, वजनात काटछाट न होता, पैसे जागेवर मिळाले. पाच घरांकडे एकरकमी १,६२५ रुपये नव्हते. त्यांना गटाच्या निधीतून उसने दिले आणि सहा महिन्यांत ते फिटले. ऊन देऊन, कडुनिंबाचा पाला घालून ज्वारी पत्र्याच्या डब्यांत भरली. भाकरी रात्रीच्या जेवणाला आणि सकाळच्या डब्याला चपाती, असा मधला मार्ग बहुतेक घरांनी काढला. कोणावर सक्ती नव्हती.

खरी परीक्षा पुढच्या वर्षी झाली. मार्च २०२३च्या मध्याला महाराष्ट्रात ठिकठिकाणी अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. तात्यांची निम्मी ज्वारी खळ्यावर भिजली. दाणा डागळला, मोत्यासारखी चकाकी गेली. चांगल्या ज्वारीला त्या वेळी ३,८०० रुपये भाव होता. डागी मालाला व्यापारी २,९०० रुपयांच्या वर जाईना. तात्यांनी निरोप धाडला, “तुम्ही खाणारी माणसं हाय, तुम्हीच बघा आन् काय ते ठरवा.”

गटाची बैठक बसली. आम्ही मांडणी केली, की शेतकऱ्याची चूक नाही, पाऊस काही त्याने बोलावला नाही. भाव थोडा वाढवून देऊन डागी माल घ्यावा. तेव्हा गटातल्या सर्वांत वयस्कर आक्का उठून उभ्या राहिल्या. “काळी ज्वारी आमीच का खायाची? सगळा जल्म डागाळलेलंच वाट्याला आलं. सरकारनं मिलो दिली, खाल्ली. रेशनला किडके गहू दिले, निवडून खाल्ले. आता सोताच्या पैशानं घ्यायचं, तर ते बी उरलंसुरलं?”

बैठकीत कोणी काही बोलेना. शेती टिकावी म्हणून ग्राहकाने थोडे सोसावे, असे म्हणणे सोपे आहे. परंतु ज्यांनी पिढ्यान् पिढ्या सोसले, त्यांनीच पुन्हा पहिला घास का सोसावा, या प्रश्नाला अर्थशास्त्राच्या पुस्तकात उत्तर नाही. आक्कांचे म्हणणे बरोबर होते. तात्यांचेही चूक नव्हते. दोघांच्या मध्ये बाजार उभा होता आणि त्याला दोघांशीही देणेघेणे नव्हते.

शेवटी आक्कांनीच वाट काढली. त्या म्हणाल्या, “सोस्त हाय म्हणून घ्यायचं न्हाई. बघून, पारखून, आपल्या मर्जीनं घ्यायचं.” पुढच्या रविवारी आक्का आणि आणखी तिघीजणी मंगळवेढ्याला गेल्या. खळ्यावर बसून त्यांनी मूठ मूठ ज्वारी तळहातावर पसरून पाहिली, दाणा दाताखाली फोडला, वास घेतला. जिथे डाग नुसता सालीवर होता आणि आतला दाणा घट्ट, पांढरा होता, ती ज्वारी वेगळी काढली. जिला कुबट वास होता, बुरशी होती, ती साफ नाकारली. बुरशीचे धान्य माणसाने खाऊच नये. निवडलेली सहा क्विंटल ३,३०० रुपये भावाने घेतली आणि चार क्विंटल न भिजलेली पूर्ण भावाने. तात्यांना सहा क्विंटलवर व्यापाऱ्यापेक्षा २,४०० रुपये जास्त मिळाले. गटाला चांगल्या ज्वारीपेक्षा क्विंटलमागे ५०० रुपये कमी पडले. भाकरी किंचित काळसर झाली, चवीत फरक पडला नाही. आक्कांनी ती आधी आपल्या नातवाला वाढली.

या अनुभवातून काही गोष्टी आमच्या ध्यानात आल्या. बाजारात भाव ठरतो तो पुष्कळदा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीवर. ज्वारी मोत्यासारखी हवी, गूळ पिवळाधमक हवा, तूरडाळ चकचकीत हवी. त्या पिवळेपणासाठी गुळात रसायन घालतात, आणि साधा तपकिरी गूळ मागे पडतो. ज्वारीचेही तेच झाले. खरिपाची ज्वारी काळी पडते, म्हणून तिला भाव नाही. भाव नाही, म्हणून मराठवाडा-विदर्भात तिच्या जागी सोयाबीन आणि कापूस आला. ज्वारी गेली तसा कडबा गेला. कडबा महागला तशी दावणीची जनावरे कमी झाली आणि शेणखतही आटले. आणि सोयाबीन लावून शेतकरी तरी सुखी झाला काय? २०२४च्या हंगामात सोयाबीनची आधारभूत किंमत ४,८९२ रुपये असताना बाजार समित्यांतून त्याहून कमी भावाने सोयाबीन विकले गेले. तिकडे आपण जो रेशनचा गहू खातो, त्यातला पुष्कळसा पंजाबसारख्या प्रांतांतून येतो, आणि गहू-भाताच्या जोडपिकाने तिथल्या भूगर्भातले पाणी खोल गेले आहे. एका घरातला तवा किती लांबपर्यंत पोहोचतो ते पाहा.

दुसरी गोष्ट अशी, की वीस घरांनी जिल्ह्याची शेती बदलत नाही. आमच्या दहा क्विंटलने ज्वारीच्या राशीवरची माशीही हलत नाही, हे आम्ही जाणतो. खरा मोठा ग्राहक सरकार आहे. २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो असे दर लिहिलेले होते. म्हणजे ज्वारीला कायद्यात जागा आहे. जानेवारी २०२३पासून हे धान्य मोफत मिळते. मात्र दुकानाच्या वजनकाट्यावर येतो तो प्रामुख्याने गहू-तांदूळच. २०२५-२६च्या हंगामासाठी संकरित ज्वारीला क्विंटलला ३,६९९ आणि मालदांडीला ३,७४९ रुपये आधारभूत किंमत जाहीर झाली आहे. पंजाबात गव्हाची जशी राशीच्या राशी खरेदी होते, तशी सोलापूर-बीड-परभणीत ज्वारीची झाली, आणि तीच ज्वारी त्याच जिल्ह्यातल्या रेशन दुकानांत, अंगणवाड्यांत, आश्रमशाळांत गेली, तर शेतकरी, मजूर आणि पोर हे तिघेही एका दाण्यावर जगतील. मात्र ती ज्वारी आक्कांनी पारखून पसंत करावी अशी हवी. रेशनचे म्हणून काहीही चालेल, ही सवय सरकारने सोडली पाहिजे.

तिसरी गोष्ट बाबासाहेबांनी फार पूर्वी दाखवून दिलेली आहे. १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर त्यांनी जो इंग्रजी निबंध लिहिला, त्यात जमीन लहान की मोठी हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही; तीवर राबणारे श्रम आणि लावलेले भांडवल यांच्याशी ताडून पाहावे लागते, असा विचार मांडला. हिशेबाच्या वहीशी ज्याचा रोजचा संबंध आहे, त्याला ही दृष्टी फार उपयोगी पडते. धान्य स्वस्त की महाग हेही नुसत्या किलोच्या भावावरून ठरत नाही. ते पिकविण्यात कोणाचे पाणी गेले, कोणाची मजुरी बुडाली, आणि ते रांधताना कोणाचे हात किती वेळ गुंतले, हे सारे खर्चाच्या बाजूला मांडावे लागते. आजच्या बाजारभावात यांतली बरीच कलमे लिहिलेलीच नसतात.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीत महिला मंडळ असेल, बचत गट असेल, तर सुगीच्या आधी एक बैठक घ्या. किती घरांना कोणते धान्य लागते याची यादी करा. गावाकडचा ओळखीचा कोरडवाहू शेतकरी गाठा. आपल्या समाजातला, दोन-चार एकरवाला असेल तर अधिकच चांगले. भाव आधी ठरवा, वजन समोर करा, पावती लिहून घ्या. ज्यांच्याकडे एकरकमी पैसे नाहीत, त्यांना वगळू नका. गटाचा निधी याचसाठी असतो. रेशन दुकानात ज्वारीची मागणी लेखी करा आणि अर्जाची पोच घ्या. आणि घरातल्या पुरुषांनी, मुलांनी भाकरी थापायला शिकावे. ज्या धान्याचा सगळा भार एकट्या बाईच्या मनगटावर पडतो, ते फार दिवस टिकणार नाही.

आमच्या गटात आता सव्वीस घरे आहेत. नव्याने आलेल्या एका सुनेने परवा विचारले, “गहूच स्वस्त पडतोय, तर ज्वारी घ्यायची कशाला?” आम्ही उत्तर देणार, तोच आक्का म्हणाल्या, “घ्यायलाच पायजे असं न्हाई, बाई. पर घ्यायची का न्हाई, हे तू ठरव. दुकानानं ठरवू नये.”